आत्याची स्प्लेंडर, आठचा आकडा आणि माझं लायसन

गियरची गाडी शिकायची आणि लायसन पण स्वतःच काढायचं, एजंटकडे जायचं नाही, हे दोन्ही ठरवून केलं आणि आता झालंय म्हणून लिहितेय. मैत्रिणी सारख्या विचारतात, अवघड असतं का, पडलीस का, टेस्टला गाडीने आठचा आकडा काढायला लावतात म्हणे, हाईट कमी असली तर जमतं का, पैसे किती गेले. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा जसं घडलं तसं एकदाच लिहून टाकते. लांबणार आहे, पण बारीकसारीक गोष्टीच खऱ्या उपयोगी पडतात आणि मी शोधत होते तेव्हा नेमक्या त्याच कुठे सापडत नव्हत्या.

आमच्या घरी बिनागियरची स्कूटर आहे, ती मला येत होती म्हणजे अंगणात आणि गल्लीत. दादाला अठरा झाल्याबरोबर बाबांनी मित्राची मोटरसायकल आणून शिकवली, मला कोणी विचारलंच नाही, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू होता असंही नाही, मुलीला स्कूटर पुरते असं सगळ्यांनी धरलेलंच असतं. माझी आत्या मात्र आरोग्यसेविका आहे, डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवर तिला रोज फिरावं लागतं आणि ती गेली कित्येक वर्षं स्प्लेंडरवर फिरतेय. तिचं साधं गणित आहे, स्कूटरचं चाक दहा नाहीतर बारा इंचाचं, स्प्लेंडरचं अठरा इंचाचं, कच्च्या रस्त्यावर खड्ड्यात छोटं चाक बसतं आणि मोठं चाक पार होऊन जातं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होते, गौरी-गणपतीला ती घरी आली तेव्हा मी तिला म्हटलं, आत्या मला तुझी गाडी शिकव. ती लगेच हो म्हणाली, फक्त एक अट घातली. "लर्निंग हातात आल्याशिवाय रस्त्यावर चाक घालायचं नाही. तोवर मैदानात काय शिकायचं ते शीक."

तर आधी लर्निंगचं सांगते. सप्टेंबरमध्ये अर्ज केला. परिवहनची सारथी नावाची साइट आहे, त्यात महाराष्ट्र निवडायचं आणि लर्नर लायसनचा अर्ज उघडायचा. आधारचा पर्याय घेतला तर आरटीओत जायची गरजच पडत नाही, आपल्याकडे २०२१ पासून ही सोय आहे, नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो सगळं आधारवरून येतं, सही तेवढी कागदावर करून स्कॅन करून टाकावी लागते. म्हणून बसायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, कारण ओटीपी त्यावरच येतो, आणि दुसरी, आधारवरचा फोटो आणि पत्ता तुम्हाला लायसनवर चालणार आहे का. माझा आधारवरचा फोटो शाळेतला होता, तो मी अर्जाच्या आधीच आधार केंद्रात जाऊन बदलून घेतला, त्यात थोडे दिवस गेले पण ते बरंच झालं.

अर्जात गाडीचा प्रकार निवडताना नीट वाचा. 'मोटरसायकल विथ गियर' आणि 'विदाउट गियर' असे दोन वेगळे पर्याय असतात. विथ गियर घेतलं की बिनागियरची पण चालवता येते, उलट होत नाही, आणि आधी नुसतं बिनागियर घेऊन नंतर गियरचं जोडायचं म्हटलं तर परत लर्निंग, परत टेस्ट आणि वर वर्ग वाढवायचे ५०० रुपये. त्यामुळे पुढेमागे गियरची शिकायचा थोडा जरी विचार असेल तर सुरुवातीलाच विथ गियर टाका. वयाचं म्हणाल तर गियरच्या गाडीला १८ पूर्ण पाहिजेत. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनागियरच्या गाडीचं, आणि आपल्या घरातल्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्याच असतात, म्हणजे अकरावी-बारावीतली पोरं ज्या चालवतात त्या कायद्यात बसतच नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या मामेभावाने विचारलं होतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

फी १५० लायसनची आणि ५० परीक्षेची. पैसे भरले की आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मग परीक्षा घरीच, मराठीत देता येते. १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर आले की पास. कॅमेरा चालू ठेवायचा असतो म्हणून मागे खिडकी नसेल अशा जागी बसा, चेहरा काळा दिसायला नको. प्रश्न बरेचसे चिन्हांचे असतात आणि ती पाठ करायची एक सोपी पद्धत आहे: गोल चिन्ह म्हणजे हुकूम (हे करायचं किंवा करायचं नाही), त्रिकोणी म्हणजे सावधान, आणि निळं चौकोनी म्हणजे माहिती, पेट्रोल पंप दवाखाना वगैरे. एवढं डोक्यात बसलं की निम्मी चिन्हं ओळखू येतात. हाताचे इशारे पण बघून ठेवा. पास झाल्यावर लर्निंगची पीडीएफ लगेच डाउनलोड झाली, सहा महिने चालते. पक्क्या लायसनची टेस्ट मात्र ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे महिनाभर शिका असाच त्याचा अर्थ, आणि मी तो तसाच घेतला.

आता शिकणं. हे सावकाश सांगते कारण खरी भीती इथेच असते.

माझी उंची पाच फूट एक इंच. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून साधारण ७८५ मिलीमीटर, म्हणजे बसल्यावर माझे दोन्ही पाय चवड्यावरच टेकतात. आत्या माझ्यापेक्षा थोडी बुटकीच आहे. ती म्हणाली, दोन पाय टेकवायचेच कशाला, डावा पूर्ण टेकव, उजवा मागच्या ब्रेकवर ठेव, आणि थांबताना ढुंगण जरासं डावीकडे सरकव. झालं. उंचीचा प्रश्न माझ्यासाठी तिथेच संपला.

पहिल्या दिवशी तिने मला गाडी चालू करूच दिली नाही. मैदानावर गाडी ढकलत न्यायची, वळवायची, ब्रेक दाबून थांबवायची, परत ढकलायची. एकशे बारा किलोच्या आसपासची गाडी, आणि तिचं वजन कुठल्या कोनापर्यंत काहीच लागत नाही आणि कुठून पुढे एकदम अंगावर येतं हे हाताला कळेपर्यंत तिने तेच करून घेतलं. मग डबल स्टँड. हा मला डोंगर वाटायचा, कारण मुली डबल स्टँड लावू शकत नाहीत म्हणून गाडी नको असं मी खूप ऐकलेलं. आत्याने दाखवलं ते असं: गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या पकडायच्या दांडीवर, उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचा तो एवढा की स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले पायाला जाणवले पाहिजेत, एकच टेकला असेल तर गाडी वर येत नाही नुसती तिरकी होते, आणि मग हाताने उचलायला जायचं नाही, आपलं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाकून सरळ उभं राहायचं, स्टँडवर पायरी चढल्यासारखं. गाडी आपोआप मागे सरकत वर चढते. कटकन आवाज येतो. मी तो आवाज आला तेव्हा मोठ्याने ओरडले होते आनंदाने, मैदानात चालायला आलेले आजोबा थांबून बघायला लागले.

गाडी पडली तर उचलायची कशी हे पण तिने आधीच शिकवलं, तिच्याच गाडीला गवतावर हळूच आडवं करून. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा म्हणजे उभी होताना पलीकडे जाऊन पडत नाही, गियरमध्ये टाकायची म्हणजे घसरत नाही, मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलला एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभं राहायचं. पाठ वाकवून उचलायची नाही. चावी मात्र सगळ्यात आधी बंद करायची. हे शिकल्यावर पडायची भीती निम्मी गेली माझी, कारण पडली तर उचलता येते हे माहीत होतं.

मग क्लच. माझ्या मते सगळी मोटरसायकल डाव्या हाताच्या त्या चार बोटांत आहे. आत्याने गाडी डबल स्टँडवर ठेवून चालू केली, मागचं चाक हवेत, आणि मला म्हणाली क्लच दाब, पहिला गियर टाक, आता क्लच सोड पण चाकाकडे बघत सोड. लिव्हर अर्धी सुटेपर्यंत चाक जवळजवळ गप्पच, मग एका ठिकाणी ते ओढ घेतं आणि इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. तिथे थांब म्हणाली, तिथेच धर. क्लचच्या आत प्लेटा असतात, लिव्हर दाबली की त्या एकमेकींपासून सुटतात आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत जात नाही, पूर्ण सोडली की स्प्रिंगच्या दाबाने घट्ट बसतात, आणि ही मधली जागा म्हणजे त्या घासत फिरताहेत, थोडा जोर जातोय थोडा सुटतोय. ह्यालाच हाफ क्लच म्हणतात. ती जागा कुठे येते ते प्रत्येक गाडीत थोडं वेगळं असतं, केबलवर अवलंबून, म्हणून दुसऱ्याची गाडी हातात घेतली की निघायच्या आधी जागेवरच क्लच हळू सोडून ती जागा बघून घ्यायची. लिव्हर फारच घट्ट किंवा फारच ढिली असेल तर मेकॅनिककडून केबल सेट करून घ्या, शिकताना हाताला खूप फरक पडतो. माझी बोटं सुरुवातीला दुखायची, रात्री भाकरीचं पीठ मळताना कळायचं, नंतर सवय झाली.

जमिनीवरचा पहिला धडा रेस न देता. पहिला गियर, रेसचा हात पूर्ण सैल, आणि क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपणहून चालायला लागते. पाय दोन्हीकडे लोंबते ठेवायचे. पहिल्यांदा गाडी झटका देऊन बंद पडते, सगळ्यांचीच पडते, परत चालू करायची. "अगं सोड की हळूहळू, कुणी मागं लागलंय का," एवढंच आत्या म्हणायची. आणि मग एका सकाळी ती निघाली, नुसत्या क्लचवर, माणूस चालतो त्या वेगाने, आणि मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी काही न करता बसून होते. ते मी कधी विसरणार नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आमचा तोच खेळ, आत्या शेजारून चालत आणि मी गाडीवर, आणि तिच्या पुढे जायचं नाही. वेगात गाडी स्वतःच सरळ उभी राहते, हळू असताना ती आपल्याला सांभाळावी लागते, त्यामुळे ज्याला हळू जमलं त्याला पुढचं सगळं जमतं. दादा पण बघायला आला होता एकदा, म्हणाला सेकंड टाक की, किती वेळ फर्स्टवर. आत्याने त्यालाच गाडीवर बसवलं आणि म्हणाली माझ्या मागे मागे चालवून दाखव पाय न टेकवता.

गियरचं एक नीट समजून घ्या, सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. स्प्लेंडरला चारही गियर पुढे चवड्याने खाली दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबलं की उतरतात. बऱ्याच दुसऱ्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. जुन्या बुलेटला तर गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा, आणि आजोबांच्या येझदीला किकचा दांडाच गियरचा पण दांडा होता, किक मारून झाली की तोच पुढे आणून गियर टाकायचे, असं आत्या सांगत होती. ती त्यावरच शिकली. एका पद्धतीच्या गाडीवर शिकून टेस्टला दुसऱ्या पद्धतीची घेऊन जाऊ नका, पाय गोंधळतो.

ब्रेकबद्दल आमच्याकडे सगळे एकच सांगतात, पुढचा मारू नको, उलटशील. आत्या म्हणाली हे अर्धंच खरं आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, फक्त तो झटकन आवळायचा नाही, आधी हलका आणि मग वाढवत न्यायचा, हँडल सरळ असताना, मागच्याच्या जोडीने. वळणात किंवा वाळूवर असताना पुढचा नाही. विटेची खूण ठेवून त्या जागी थांबायची सवय केली, आधी हळू वेगात मग जरा जास्त. नवीन गाड्यांना १२५ सीसीच्या वर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आणि त्याखाली एक ब्रेक दाबला की दोन्हीकडे लागणारी सीबीएस असते, २०१९ पासून सक्तीचंच आहे ते. आत्याची गाडी त्याच्या आधीची, तिला ह्यातलं काहीच नाही, म्हणून हाताने शिकणं भाग होतं.

हेल्मेट मी शिकायला सुरुवात केली त्या आठवड्यातच घेतलं, आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं. दुकानात घालून पट्टी लावून मान हलवून बघा, हेल्मेट हललं तर मोठं आहे. वेणी घालणाऱ्यांनी वेणी खाली घेऊन बघा, अंबाडा घालून हेल्मेट नीट बसतच नाही. ओढणी असेल तर घट्ट बांधूनच बसायचं, चेनचं झाकण असलं तरी.

रस्त्यावर ऑक्टोबरमध्ये आले. मागे-पुढे लाल एल लावला, पांढऱ्या पाटीवर लाल, नियमाने पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस पाहिजे, ती दुकानात मिळते ती चालते. लर्निंगवर असताना मागे शिकवणारा सोडून दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मैत्रिणीला डबलसीट घेऊन जाऊ नका. आम्ही सकाळी लवकर एमआयडीसीच्या रस्त्यांवर जायचो, तिथे पहाटे वाहनं कमी असतात आणि चौक बरेच, त्यामुळे इंडिकेटर, आरसा, मान वळवून बघणं, गियर उतरवून थांबणं, सगळ्याचा सराव होतो. नंतर साताऱ्यातला पोवई नाका. तिथे मी घामाने भिजले होते खरंच, रिक्षा, एसटी, शाळेची पोरं, आणि मागून हॉर्न. पण तेव्हा कळलं की मैदानावरचं ते शेजारून चालत चालवणं कशासाठी होतं, कारण गर्दीत गाडी चालते ती हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवरच.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला, आत्याने पूजा माझ्या हाताने करायला लावली. त्यानंतर एका सकाळी यवतेश्वरचा घाट. कासच्या फुलांचा सीझन संपत आला होता, तरी आम्ही मधला वार बघून गेलो, शनिवार-रविवारी त्या घाटात शिकाऊ माणसाने जाऊच नये. चढताना अडचण नाही, गाडीने दम तोडायच्या आधी गियर उतरवायचा. उतरताना मात्र नियम, ज्या गियरवर चढलो त्याच गियरवर उतरायचं, क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही, पेट्रोल वाचतं म्हणून पोरं सोडतात तसं तर अजिबात नाही. गियरमध्ये असली की इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. वळणावर डोळे वळण जिथे संपतं तिथे, दरीकडे नाही. आपण जिकडे बघतो गाडी तिकडेच जाते हे मला तिथे शब्दशः कळलं.

आणि आपल्या भागातल्यांसाठी एक खास. नोव्हेंबरमध्ये साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. संध्याकाळी मागे दिवा नसतो कित्येकदा, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि ओव्हरटेक करताना एक ट्रॉली संपली म्हणून आत घ्यायला जावं तर दुसरी असते. लांबूनच बघून, पुढचा रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत मागे थांबायचं. पाचटावरून, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यावरून, चाक घसरतं. शिकत असताना हंगामात अंधार पडल्यावर हायवेला जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसनचा अर्ज केला, त्याच साइटवर, लर्निंगचा नंबर आणि जन्मतारीख टाकून. टेस्टचे ३००, लायसनचे २००, स्मार्ट कार्डाचे २००, आणि पोस्टाचं वगैरे धरून हजाराच्या आतच झालं. एजंटने ह्याच्या कितीतरी पट सांगितले होते. पैसे भरल्यावर स्लॉट घ्यायचा, मला जवळची तारीख नव्हती, तीन आठवड्यांनंतरची मिळाली. लर्निंगची मुदत संपायच्या आत टेस्ट झाली पाहिजे, म्हणून पाचव्या महिन्याची वाट बघू नका, ३० दिवस झाले की लगेच अर्ज करा आणि स्लॉट मिळेपर्यंत सराव चालू ठेवा.

त्या तीन आठवड्यांत आठचा सराव. मैदानात विटा मांडल्या, दोन गोल एकमेकांना चिकटून. पहिला किंवा दुसरा गियर, रेस एकसारखी अगदी थोडी, क्लच अर्धा, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकासा लागलेलाच. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हँडल वळलेलं असताना तो लागला की गाडी तिथेच बसते. नजर जवळच्या विटेवर नाही, गोलाच्या पलीकडच्या बाजूवर. गुडघे टाकीला चिकटवून. आत्या मध्ये उभी राहून नुसतं "वर बघ, वर बघ" करत होती. सुरुवातीला मोठे गोल घ्या मग विटा आत सरकवा.

टेस्टच्या आदल्या रात्री सगळं एका फोल्डरमध्ये घातलं: लर्निंगची प्रिंट, अर्जाची आणि फीची पावती, अपॉइंटमेंटची चिठ्ठी, मूळ आधार आणि झेरॉक्स, आणि गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. गाडी आपल्या नावावर असायची गरज नाही, पण तिचे कागद चालू पाहिजेत. सकाळी लवकर गेलो, मी पुढे, आत्या मागे, एल लावून. कागद तपासून झाले, फोटो आणि अंगठ्यांचे ठसे घेतले, मग ट्रॅकवर रांग. रांगेत बराच वेळ जातो, पाणी आणि टोपी घेऊन जा. पोटात गोळा आला होता. रांगेत स्कूटरवाल्या बऱ्याच जणी होत्या, गियरची गाडी घेऊन उभी असलेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे सगळे बघत होते आणि ते मला नको झालं होतं.

माझ्या पुढे एक मुलगा होता, चालवायला चांगला, रोज चालवत असणार, त्याने जोरात सुरुवात केली आणि दुसऱ्या गोलात गाडी मावेना म्हणून पाय टेकला. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी त्याला परत यायला सांगितलं. नापास झालं तर सात दिवसांनी परत देता येते, तीनदा झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, तेव्हा नापास झालात तरी जीवाला लावून घेऊ नका. माझा नंबर आला. साहेबांनी विचारलं, "गाडी कोणाची?" म्हटलं, "आत्याची." "आणि शिकवली कुणी?" म्हटलं, "आत्यानेच." ते हसले आणि करा सुरू म्हणाले. मी क्लच हळू सोडला आणि मैदानातल्याच वेगाने निघाले. मागून कोणीतरी हॉर्न दिला, मी वेग वाढवला नाही. आठ झाला, मग सरळ जाऊन हाताचा इशारा देऊन थांबायला सांगितलं, तेही झालं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर बोलावला. मला कळलंच नाही पास झाले का, आत्याच म्हणाली, "परत ये म्हणाले नाहीत ना, मग झालं." दुपारी मोबाईलवर मेसेज आला.

कार्ड स्पीड पोस्टने घरी आलं, त्याला काही आठवडे गेले. तोपर्यंत अडायचं कारण नाही, लायसन नंबर पडला की ते डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसतं आणि ते कायद्याने चालतं. पत्त्यावर दिवसा घरी कोणीतरी असेल असं बघा. कार्ड आल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, रक्तगट आणि गाडीचा वर्ग बरोबर छापलाय का ते लगेच बघून घ्या. तिशीच्या आत काढलं तर लायसन वयाच्या चाळीसपर्यंत चालतं, म्हणजे स्पेलिंग चुकलं तर ते तेवढी वर्षं प्रत्येक ठिकाणी आडवं येणार.

आता आत्याच्या सुट्टीच्या दिवशी गाडी माझ्याकडे असते. मागच्या रविवारी तिलाच मागे बसवून तिच्या उपकेंद्रापर्यंत घेऊन गेले, कच्च्या रस्त्याने. पीयूसी ह्या महिन्यात संपतेय, उद्या कॉलेजला जाताना काढून घेणार आहे, आणि पुढच्या चाकाची हवा कमी वाटतेय ती पण तिथेच भरून घेते.